मॅजिकल गर्ल अ‍ॅनिमेतील कथागती : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

जादूची शक्ती असलेल्या मुलींच्या कथा सांगणाऱ्या ‘मॅजिकल गर्ल’ प्रकारातील अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकांमध्ये कथा कोणत्या गतीने पुढे सरकते आणि ती गती कशामुळे ठरते, हे तपासण्यासाठी हा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यातून अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांसाठी एक सत्र आणि एक दीर्घ लेख तयार करायचा आहे. या मालिकांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की त्या फार रेंगाळतात : दर आठवड्याला नवा राक्षस येतो, नायिकेचे तेच रूपांतर होते, तोच मंत्र म्हटला जातो, त्याच प्रहाराने राक्षस संपतो, आणि मूळ कथानक मात्र भागामागून भाग जागचे हलत नाही. आक्षेपातील वर्णन बिनचूक आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे पुनरावृत्ती गाळली की कथा आपोआप सुधारेल, हा मात्र पडताळून पाहावा लागेल. पडताळणीची सोयही आयती उपलब्ध आहे, कारण ‘सेलर मून’च्या एकाच कथानकाचे दोन अ‍ॅनिमे अवतार आहेत आणि दोन्हींची गती अगदी वेगळी आहे.

अभ्यासासाठी ‘सेलर मून’, ‘कार्डकॅप्टर साकुरा’, ‘ओजामाजो डोरेमी’, ‘प्रीक्युअर’ आणि ‘माडोका मॅजिका’ या मालिका निश्चित केल्या आहेत. कुनिहिको इकुहारा यांची १९९७ ची ‘उतेना’ ही मालिका पुनरावृत्तीचा वापर यांतील कोणत्याही मालिकेपेक्षा धिटाईने करते. पण तिला या प्रकारात बसवावे की नाही, यावरच अर्धा लेख खर्ची पडेल, म्हणून ती बाजूला ठेवली आहे.

१२ जुलै २०२५

आधी एका भागाचा सांगाडा मांडून घेतला. अर्ध्या तासाच्या प्रसारणातून जाहिराती वजा केल्या की सुमारे चोवीस मिनिटे उरतात, त्यांतील तीनेक मिनिटे शीर्षकगीत आणि समाप्तीगीत घेतात, आणि उरलेल्या वेळेचे मधल्या जाहिरातीमुळे पूर्वार्ध व उत्तरार्ध असे दोन तुकडे पडतात. बहुतेक भागांत पूर्वार्धात शाळा, घर आणि मैत्रिणींमधली एखादी कुरबूर येते, आणि उत्तरार्धात त्याच कुरबुरीला चिकटून राक्षस येतो. रूपांतर आणि निर्णायक प्रहार यांची दृश्ये एकदाच मन लावून रेखाटून ठेवतात व पुढे भागोभागी वापरतात. जपानी स्टुडिओंत या साठवलेल्या दृश्यांना ‘बँक’ म्हणतात. दर आठवड्याला नवा भाग हातावेगळा करणाऱ्यांना ही काटकसर परवडते, हे त्यामागचे उघड कारण आहे. दुसरे कारण खेळण्यांचे आहे, कारण रूपांतराच्या दृश्यात जो ब्रोच किंवा जी छडी झळकते, तीच दुकानातही ठेवलेली असते.

ही रीत पहिल्यापासून नव्हती. तोएई या जपानी स्टुडिओची ‘जादूगार सॅली’ १९६६ मध्ये आली, तेव्हा सॅली मुळातच जादूच्या राज्यातली राजकन्या असल्याने तिला रूप बदलण्याची गरज नव्हती. १९६९ मध्ये आलेल्या ‘अक्को-चान’ या मालिकेत साध्या मुलीच्या हाती जादूचा आरसा आला, १९७३ मध्ये ‘क्युटी हनी’ने रूपांतराचाच देखावा केला, आणि दोन दशकांनंतर ‘सेलर मून’ने त्याला मुलींच्या लढाऊ चमूची जोड दिली. इतिहासाची नोंद एवढीच पुरे.

२० जुलै २०२५

आज ‘सेलर मून’चा तक्ता पूर्ण केला. नाओको ताकेउची यांची मांगा (जपानी चित्रकथा) ‘नाकायोशी’ या मासिकात आणि तोएईची मालिका दूरचित्रवाणीवर अशा दोन्ही गोष्टी १९९२ मध्ये जवळजवळ बरोबरीने चालू होत्या. मांगाचे महिन्याला एक प्रकरण आणि मालिकेचे आठवड्याला एक भाग, असे गणित असल्यामुळे मालिकेकडे मूळ कथेपेक्षा कितीतरी अधिक वेळ होता आणि तो भरून काढणे भाग होते. पहिले पर्व ४६ भागांचे झाले. त्याउलट २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेलर मून क्रिस्टल’ने मांगाचे एक प्रकरण म्हणजे एक भाग हे सूत्र धरले आणि डार्क किंग्डम या शत्रूराज्याशी लढण्याचे तेच कथानक १४ भागांत संपवले.

नायिका उसागी, म्हणजे सेलर मून, हिच्या चमूतील मुख्य पात्रांचा प्रवेश कोणत्या भागात होतो, हे शेजारी शेजारी मांडले. जुन्या मालिकेत मर्क्युरी आठव्या, मार्स दहाव्या, ज्युपिटर पंचविसाव्या आणि व्हीनस तेहेतिसाव्या भागात येते. ‘क्रिस्टल’मध्ये त्या अनुक्रमे दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या भागात येतात. उसागी हीच चंद्रराज्याची राजकन्या आहे, हा उलगडा तिकडे चौतिसाव्या आणि इकडे नवव्या भागात होतो. एकूण लांबीच्या प्रमाणात पाहिले, तर मर्क्युरी आणि मार्स दोन्हीकडे जवळपास एकाच ठिकाणी येतात, म्हणजे कथेचा साधारण सहावा आणि पाचवा हिस्सा संपताना. ज्युपिटरपाशी मात्र प्रमाण साफ बिघडते, कारण ‘क्रिस्टल’मध्ये ती एकतृतीयांशाच्या जरा पुढे येते, तर जुन्या मालिकेत निम्मी कथा उलटून गेल्यावर.

म्हणजे जुन्या मालिकेने कथा सगळीकडे सारखी ताणलेली नाही. दहाव्या आणि पंचविसाव्या भागांच्या दरम्यान तिने जाणूनबुजून मुक्काम केला आहे. त्या काळात चमूत तिघीच आहेत, शत्रूपक्षाचा सेनापती तेराव्या भागात बदलतो, आणि चौदाव्या भागापासून नेफ्राइट नावाचा नवा सेनापती सूत्रे हाती घेतो. वर्णनात्मक तक्त्यात हा पट्टा रिकामा दिसतो. प्रत्यक्षात काय घडते, ते भाग सलग पाहिल्याशिवाय कळणार नाही.

२४ जुलै २०२५

चौदा ते चोवीस हे भाग पुन्हा क्रमाने पाहिले. पहिल्या पर्वाचे दिग्दर्शक जुनइची सातो यांच्याविषयीचा आदर या पट्ट्याने वाढवला, हे नमूद करतो.

नेफ्राइट हा पृथ्वीवर एका श्रीमंत तरुणाच्या वेषात वावरतो आणि दर भागात एखाद्या माणसाची ऊर्जा हिरावून घेण्याचा बेत रचतो. बेत फसतो, राक्षस मरतो, पुढचा भाग सुरू होतो. या ठरावीक रहाटगाडग्याच्या कडेला उसागीची वर्गमैत्रीण नारू त्याच्या प्रेमात पडते. मांगामध्ये हे प्रेमप्रकरण नाही. ते केवळ मालिकेला वेळ भरून काढायचा होता म्हणून जन्माला आले. सुरुवातीला ते प्रत्येक भागातील एक-दोन दृश्यांपुरतेच असते आणि नेफ्राइट तिचा सरळसरळ वापर करून घेत असतो. भाग मात्र नेहमीसारखेच संपत असल्याने, या दोघांचे काही बरेवाईट होईल अशी शंका प्रेक्षकाला येत नाही. दुय्यम पात्र पुढच्या आठवड्यात जसेच्या तसे परत येते, हे त्याला एव्हाना पाठ झालेले असते.

चोविसाव्या भागात ही पाठ झालेली रीत मोडते. शत्रूपक्षातल्याच झोइसाइटने धाडलेल्या राक्षसिणींचा काटा नेफ्राइटच्या खांद्यात रुततो आणि त्याची ऊर्जा शोषू लागतो. नारू तो काटा दोन्ही हातांनी ओढू पाहते. त्यातून तिला धक्के बसतात, तो तिला पळून जायला सांगतो, पण ती ओढतच राहते. त्याच्याआधी, दोघे झाडाखाली टेकलेले असताना, कधी सुट्टी मिळाली तर आपण चॉकलेट पार्फे खायला जाऊ, असे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलेले असते. मरताना तो म्हणतो, की शेवटपर्यंत तुझ्याशी खोटेच बोललो. राक्षसिणींना सेलर मून संपवते, म्हणजे भागाचे नेहमीचे काम नेहमीप्रमाणे पार पडते. मात्र त्या विजयाने काहीही भरून निघत नाही. नारूसारख्या मुलीसाठी मंत्र नाही, ब्रोच नाही, रूपांतर नाही. तिच्या हाती फक्त तो काटा ओढणे होते.

हा परिणाम दोन भागांत साधला नसता. नारूचे दुःख संवादांतून समजावून देता आले असते, पण ‘पुढच्या रविवारी सगळे पूर्ववत होईल’ हा प्रेक्षकाचा भरवसा घडवायला दहा सामान्य भागच लागतात, आणि चोविसावा भाग नेमका त्या भरवशावर घाव घालतो. कीर्तनकार एकच ध्रुवपद पुन्हा पुन्हा म्हणतो आणि आख्यानातल्या प्रसंगानुसार त्याच ओळीचा अर्थ पालटत जातो, तशी काहीशी ही रचना आहे. प्रकल्पाचे प्रमेय आता अधिक नेटके मांडता येते : या प्रकारात पुनरावृत्ती हे कथेचे घड्याळ आहे, आणि कथा केव्हा वेगवान वाटते, हे ती ठरलेली वेळ केव्हा चुकवते यावर अवलंबून आहे.

२५ जुलै २०२५

कालच्या नोंदीत ‘रविवारी’ असे लिहिले आहे, ते ‘पुढच्या आठवड्यात’ असे हवे. लेखात घेताना बदलायचे आहे. रविवार सकाळचा संबंध डोरेमी आणि प्रीक्युअर यांच्याशी आहे. ‘सेलर मून’ शनिवारी संध्याकाळी लागत असे.

२ ऑगस्ट २०२५

‘क्रिस्टल’ला न्याय देणे आवश्यक आहे. ती मूळ मांगाशी प्रामाणिक आहे, तिचे कथानक अधिक घट्ट आहे, आणि उसागी व तिचा प्रियकर मामोरू यांच्या पूर्वजन्मीच्या नात्याचा धागा तिथे सुरुवातीपासून स्पष्ट दिसतो. मालिका इंटरनेटवर महिन्यातून दोनदा प्रसारित होत असे. त्यामुळे भागांची संख्या कमी असली तरी पाहणाऱ्याला दोन भागांमध्ये बराच काळ थांबावे लागे.

तरीही चौदा भाग सलग पाहिल्यावर जे जाणवते, ते घाईपेक्षा वेगळे आहे. प्रत्येक भागात काहीतरी महत्त्वाचे घडत असल्यामुळे महत्त्वाच्या घटनेला उठाव देणारा बिनमहत्त्वाचा भागच शिल्लक राहत नाही. मकोतो, म्हणजे ज्युपिटर, पाचव्या भागात येते आणि लगेच पुढच्या संकटात सामील होते. ती स्वयंपाकात तरबेज आहे, हे आपल्याला कळते. पण तिने करून आणलेला डबा मैत्रिणी नेहमी खातात, ही ओळख होण्याइतके दिवस कथेत जात नाहीत. चौघींची मैत्री ‘क्रिस्टल’ सांगते, तर जुनी मालिका ती नांदू देते.

याची खरी कसोटी जुन्या मालिकेच्या पंचेचाळिसाव्या भागात लागते. उत्तर ध्रुवावरच्या त्या लढाईत ज्युपिटर, मर्क्युरी, व्हीनस आणि मार्स अशा चौघीजणी एकाच भागात, एकामागून एक मरतात. चार मृत्यू वीसेक मिनिटांत बसवणे ही, गतीचा विचार केला तर, विलक्षण घाई आहे. ती अंगावर येते, कारण आधीच्या जवळजवळ वर्षभरात या मुलींनी दर आठवड्याला त्याच पवित्र्यात, तेच शब्द उच्चारून लढाई जिंकलेली असते. छेचाळिसाव्या भागात त्या पुन्हा जिवंत होतात आणि सगळ्यांची स्मृती पुसली जाते. शेवट गोड करण्याची तडजोड म्हणून त्यावर टीका करता येईल. मला मात्र आठवणींची किंमत मोजून मिळालेले ते सामान्य आयुष्य पुरेसे कडवट वाटते.

५ ऑगस्ट २०२५

एक आडवळणाची नोंद. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘मिंकी मोमो’च्या छेचाळिसाव्या भागात नायिका ट्रकच्या धडकेने मरते. आदल्या काही भागांपूर्वीपर्यंत ही मालिका हलक्याफुलक्या करामतींची होती, आणि खेळणी बनवणाऱ्या प्रायोजकाने हात आखडता घेतल्यामुळे ती गुंडाळायची वेळ आली होती, असा त्यामागचा संदर्भ नेहमी सांगितला जातो. तो ट्रक खेळण्यांनी भरलेला होता, ही पटकथाकारांची चपराक आजही चर्चेत असते. पुढे मालिकेला मुदतवाढ मिळाली आणि ती ६३ भागांपर्यंत गेली. गती केवळ लेखकाच्या टेबलावर ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण मिळणे अवघड आहे.

१६ ऑगस्ट २०२५

‘कार्डकॅप्टर साकुरा’ (१९९८ ते २०००, ७० भाग, दिग्दर्शक मोरिओ असाका). क्लॅम्प या लेखिका-चित्रकार गटाच्या मांगामध्ये १९ क्लो कार्डे (साकुराने पकडायची जादूची कार्डे) आहेत आणि मालिकेत ५२. म्हणजे येथेही भर घातलेलीच आहे. पण ही भर निराळ्या जातीची आहे, कारण येथे राक्षसाला ठार मारायचे नसते. प्रत्येक कार्डाचा एक स्वभाव असतो, तो ओळखल्याशिवाय ते पकडता येत नाही, आणि ते पकडून झाले की पुढच्या भागांत साकुरा त्याचाच उपयोग करते. त्यामुळे भाग संपला तरी त्यातून काहीतरी शिल्लक राहते आणि मागचे भाग पुढच्या भागांच्या कामी येतात.

साकुराची मैत्रीण तोमोयो दर खेपेला नवा पोशाख शिवते, म्हणून ठरावीक पोशाखात जाण्याचे रूपांतरदृश्य या मालिकेत नाही. पुनरावृत्ती होते ती छडी जागी करण्याच्या मंत्राची आणि कार्ड बंदिस्त करण्याची. प्रेमकथेची गती तर याहूनही संथ आहे. साकुराचा वर्गमित्र शाओरान याच्या भावना आधी चिडीतून, मग संकोचातून, मग मदतीतून दिसत जातात, आणि साकुराचे उत्तर सत्तराव्या भागातही शब्दांत येत नाही. ते २००० सालच्या दुसऱ्या चित्रपटात येते. इतके लांबवूनही ते ताणल्यासारखे वाटत नाही, याचे कारण मालिकेने वाट पाहणे हाच साकुराचा स्वभाव केला आहे.

३० ऑगस्ट २०२५

‘माडोका मॅजिका’ (२०११, स्टुडिओ शाफ्ट, दिग्दर्शक आकियुकी शिम्बो, पटकथा गेन उरोबुची). अवघे बारा भाग आहेत. प्रमेयाला सर्वांत मोठा धोका याच मालिकेकडून होता, कारण इथे पुनरावृत्तीला जागाच नाही आणि तरी तिसऱ्या भागाचा आघात चोविसाव्या ‘सेलर मून’इतकाच, किंबहुना जास्त, होतो.

तिसरा भाग बारकाईने पाहिल्यावर धोका टळला. मामी ही जुन्या मॅजिकल गर्लचा आदर्श नमुना आहे : डौलदार, अनुभवी, आपल्या प्रहाराला इटालियन नाव देणारी. आता आपण एकट्या नाही, या आनंदात ती लढते. बाहुलीसारख्या दिसणाऱ्या चेटकिणीला ती रिबिनींनी जखडते, प्रचंड तोफ उभी करते आणि प्रहाराचे नाव उच्चारते. तोफ डागली जाते, नेम बरोबर लागतो. या प्रकारच्या व्याकरणानुसार लढाई इथे संपलेली आहे. त्याच क्षणी बाहुलीच्या तोंडातून एक लांबलचक देह सरसर बाहेर येतो, आणि मामी काय होते आहे ते उमगण्याआधीच मरते. नाव घेऊन केलेला प्रहार हा शेवटचा असतो, ही समजूत प्रेक्षकाला ‘माडोका’ने शिकवलेली नाही. ती आधीच्या मालिकांच्या शेकडो भागांनी शिकवून ठेवली होती. बारा भागांत काम भागते, कारण सवय लावण्याचे काम दुसऱ्यांनी आधीच केलेले होते. या प्रकाराशी अनोळखी असलेल्या प्रेक्षकाला तो भाग भयंकर वाटेल, पण घात झाल्यासारखा वाटणार नाही.

दहाव्या भागाविषयी लेखात स्वतंत्र परिच्छेद हवा. तिथे कळते, की होमुरा ही वर्गमैत्रीण माडोकाला वाचवण्यासाठी तोच एक महिना पुन्हा पुन्हा जगत आली आहे. दर फेरीची सुरुवात रुग्णालयाच्या खाटेवर होते. आरंभी ती चष्मा लावणारी, दोन वेण्या घालणारी, बावरलेली मुलगी आहे. पुढे एका फेरीत ती माडोकाच्याच विनंतीवरून तिला स्वतःच्या हाताने मारते, आणि त्यानंतरच्या फेरीत चष्मा उतरवून, वेण्या सोडून उठते. म्हणजे ‘दर आठवड्याला तेच’ ही या प्रकाराची प्रसारणातली सक्ती उरोबुची यांनी एका पात्राच्या नशिबात घातली आहे, आणि इतर मालिका जे वर्षभरात पसरतात ते एका भागात बसवले आहे. नायिका माडोका स्वतः मात्र बाराव्या भागापर्यंत मॅजिकल गर्ल होतच नाही. तिचे रूपांतर हा उपसंहार आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर प्रसारण थांबले आणि शेवटचे दोन भाग एप्रिलमध्ये एकत्र दाखवण्यात आले, त्यामुळे जपानी प्रेक्षकाच्या वाट्याला सर्वांत मोठा खंड ऐन उत्कर्षबिंदूच्या तोंडाशी आला.

१३ सप्टेंबर २०२५

डोरेमी आणि प्रीक्युअर. दोन्ही तोएईच्या मालिका, दोन्ही रविवारी सकाळी साडेआठच्या, दोन्हींचे वर्ष फेब्रुवारीपासून जानेवारीपर्यंतचे.

२००४ मध्ये सुरू झालेली ‘प्रीक्युअर’ दरवर्षी साधारण पन्नास भागांची असते, आणि बहुतेकदा नवीन नायिकांसह नव्याने मांडली जाते. वर्षाच्या मध्यावर नवी शक्ती, नवे साधन, अनेकदा नवी सहकारी येते, आणि त्यांचा मेळ खेळण्यांच्या विक्रीशी असतो. या ठरलेल्या वळणांमुळे कथा यांत्रिक होण्याचा धोका असतो आणि काही वर्षी ती तशी होतेही. पहिल्या मालिकेचा आठवा भाग मात्र अभ्यासण्याजोगा आहे. नागिसा आणि होनोका या दोन नायिकांना हात धरल्याशिवाय रूपांतर करता येत नाही, आणि याच भागात त्या एकमेकींशी कडाडून भांडतात. दोघींच्या वह्यांची अदलाबदल झाल्याने एकीला दुसरीच्या मनातले वाचायला मिळते, आणि त्यानंतर त्या एकमेकींना आडनावाऐवजी नावाने हाक मारू लागतात. हात धरण्याची कृती आधीच्या भागांत केवळ नियम होती, ती यापुढे त्या दोघींची होते. दृश्य बदललेले नाही, ते पाहणारा बदलला आहे.

१९९९ ते २००३ मधील ‘डोरेमी’ने गतीचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सोडवला. चार वर्षे, २०१ भाग, आणि मुली तिसरीतून सहावीत जातात, म्हणजे कथेतला काळ आणि प्रेक्षकाचा काळ बरोबरीने चालतो. घाई करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण शाळेचे वर्ष जितके असते तितकेच असते. शेवटच्या पर्वाच्या, मामोरू होसोदा यांनी दिग्दर्शित केलेल्या चाळिसाव्या भागात जादूच्या करामतींना जवळपास जागाच नाही. काचकाम करणाऱ्या एका चेटकिणीजवळ डोरेमी बसते आणि काच थांबल्यासारखी दिसली तरी अतिशय संथपणे वाहत असते, असे ती चेटकीण तिला सांगते. शेवटच्या भागात शाळेचा निरोप समारंभ असताना डोरेमी दुकानात स्वतःला कोंडून घेते आणि बाहेर यायला तयार होत नाही. चार वर्षे तिच्यासोबत वाढलेल्या प्रेक्षकाला तिची समजूत काढणारे वर्गमित्र एकेक करून ओळखीचे असतात, कारण मधल्या काळात त्यांतील अनेकांना एकेक स्वतंत्र भाग मिळालेला असतो. तेव्हा हे भाग विषयांतर वाटले होते.

२१ सप्टेंबर २०२५

सत्राचा आराखडा कायम केला. सुट्या चित्रफिती दाखवण्याची सूचना आली होती, ती स्वीकारलेली नाही, कारण चित्रफीत कापताना ज्याचा अभ्यास करायचा तेच गळून पडते. पूर्ण भाग दाखवायचे आहेत : आधी ‘सेलर मून’चा नेफ्राइटच्या काळातला एखादा अगदी साधा भाग, मग चोविसावा, मध्यंतरानंतर प्रीक्युअरचा आठवा आणि शेवटी माडोकाचा तिसरा. डोरेमीचा शेवटचा भाग मोह होऊनही वगळला आहे. आधीची चार वर्षे नसताना तो दाखवण्यात अर्थ नाही, आणि लेखात त्याचे हेच कारण द्यायचे आहे. माडोकाचे पहिले दोन भाग विद्यार्थ्यांनी घरी पाहून यावेत, अशी सूचना उद्या पाठवायची आहे. पाहताना शीर्षकगीत आणि रूपांतराची दृश्ये पुढे ढकलू नयेत, हे त्यात ठळक अक्षरांत लिहायचे आहे.